काकूंना विचारायला हवं

"काकूंची काही हरकत नाही ना?" विभावरीने निनादला विचारलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या मरियमबींनी चष्मा काढून हातात घेतला. काहीतरी चुकलं होतं खास, पण काय ते विभावरीला कळेना.

२००९ साल होतं. मंदीने दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं ते वकिलांचं ऑफिस निम्मं रिकामं केलं होतं, आणि उरलेल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार होतीच. साहेबांनी विभावरीला स्वच्छ सांगितलं होतं, "म्हाताऱ्या माणसांची कामं करणाऱ्या वकिलांच्या असोसिएशनची मेंबर हो, तर राहशील. नाहीतर खलास." मेंबर व्हायचं तर जुन्या मेंबरने तुम्हाला अशिलाशी बोलताना प्रत्यक्ष पाहायचं आणि मग शिफारस द्यायची. त्या जुन्या मेंबर म्हणजे मरियमबी. हैदराबादच्या, मोजकं बोलणाऱ्या. हसणं त्यांनी बहुधा निवृत्तीनंतरसाठी राखून ठेवलं होतं.

अशील महाराष्ट्र मंडळाच्या ओळखीतलंच होतं. निनादची नोकरी गेली होती, व्हिसा संपत आला होता. शारजातल्या अल मजाजचा संसार गुंडाळून परत जायचं, त्याआधी आईच्या नावावरचं चिपळूणचं घर विकायचं. त्यासाठी आईचं मुखत्यारपत्र हवं होतं. आई, म्हणजे सगुणाबाई, शेजारी शाल लपेटून बसल्या होत्या.

"आईची कसली हरकत? ती माझ्या शब्दाबाहेर नाही," निनाद म्हणाला. "यल्ला, चल, ड्राफ्ट करून टाक."

"विभावरी," मरियमबी हळूच म्हणाल्या, "आपका क्लायंट कौन है?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वडीलधाऱ्यांना त्रास नको म्हणून आपल्याकडे मुलालाच विचारतात. तिनेही आजवर तेच केलं होतं, आणि वर त्याला आदर म्हटलं होतं.

"निनाद, जरा बाहेर बसतोस? मला काकूंशी एकटीने बोलायचंय."

"माझ्या आईपासून मलाच बाहेर काढतेस? गणपतीत शेजारी उभे राहून आरत्या म्हणतो आपण!"

"नियम आहे रे," ती कशीबशी म्हणाली. उद्या मंडळभर बोभाटा होणार, साहेबांच्या कानावर जाणार, हे तिला दिसत होतं. निनाद खुर्ची ढकलून निघून गेला. मरियमबी कोपऱ्यात बसूनच राहिल्या.

"दार नीट लागलं का गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"हो, काकू."

"घर विकू दे. नातवंडांच्या तोंडचा घास मी कशाला काढू? पण मग मी कुठे राहायचं? ही सगळी सुनेच्या माहेरी उतरणार, पुण्याला. त्यात माझं नाव कुणी काढलंच नाही. मला विचारायची भीती वाटते. त्यालाही सांगायची वाटत असेल."

विभावरीला भडभडून आलं. "मी विचारू त्याला?"

"नको. मीच विचारीन. तू फक्त आज कागद करू नकोस."

तिने दार उघडलं. निनाद उभाच होता. "झालं? काय म्हणाली आई?"

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ती म्हणाली, "काकूंनाच विचार."

मायलेकांना आत सोडून दोघी बाहेर आल्या. "सिफारिश मिल जाएगी," मरियमबी म्हणाल्या. एवढ्या एका वाक्यासाठी विभावरीने किती रात्री झोप घालवली होती, पण आता तिचे डोळे केबिनच्या काचेवरून हलेनात. आतले शब्द ऐकू येत नव्हते. सगुणाबाईंनी एवढंसं काहीतरी विचारलं. निनाद खाली वाकला, आईच्या पायातून निसटलेली चप्पल सरळ करू लागला, आणि करतच राहिला.