कोपराची राखण

उस्तादच्या घोरण्यावर गोदामात जितके विनोद झाले, तितके सुपरवायझरच्या टकलावरही झाले नसतील. एक हमाल तर म्हणे, ट्रक मागे येतोय असं समजून बाजूला उडी मारून मोकळा झाला होता, आणि मागे पाहतो तर उस्तादची दुपारची डुलकी! सगळे हसले. हसायला जमलं नाही ते एकाच माणसाला, उस्तादच्या बायकोला. तिला घोरण्याचा त्रास कधी झालाच नाही. तिला भीती होती ते थांबण्याची.

आणि ते थांबायचं. नळ बंद करावा तसं मध्येच बंद. छाती धडपडायची, पण हवा आत जायची नाही. मग ती कोपराने ढोसायची, तो हबकून श्वास ओढायचा, कूस बदलायचा, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. लेकीचं लग्न झालं, घर बदललं, पलंग बदलला, कोपर मात्र कामावरून सुटलं नाही. सकाळी उस्तादला यातलं काही आठवायचं नाही. "झकास झोप झाली," असं म्हणायचा आणि हातात कप धरूनच पेंगायचा.

एक दिवस तो क्रेनच्या केबिनमध्ये पेंगला. वर माल लटकलेला, खाली दोन माणसं. कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं म्हणून निभावलं. त्याच दिवशी त्याला खाली उतरवून गेटवर बसवलं. उस्ताद हे नाव काही फुकट पडलं नव्हतं. काचेची पेटी तो क्रेनने अशी टेकवायचा की जमिनीलाही कळू नये, आणि आता तोच माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गाड्यांसाठी दांडा वर-खाली करत बसला. मनातून पार खचला. कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी ठरली होती. त्यात जागा राहिला तर पुन्हा वर, नाहीतर गेट कायमचं.

आजाराचं नाव स्लीप अ‍ॅप्निया निघालं. झोपेत घसा सैल पडून मिटतो आणि श्वास अडतो. आधी नाकावर लावायचं मशीन दिलं, ते तो रोज झोपेतच ओरबाडून काढायचा. शेवटी त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. "आजार झोपेचा आणि इलाज दातांवर? जखम मांडीला आणि मलम शेंडीला!" उस्ताद म्हणाला, पण गेला.

डॉक्टरबाई ठेंगण्या, कडक आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी दातांची मापं घेतली आणि वर-खाली बसणारे दोन साचे करून दिले. ते तोंडात बसवले की खालचा जबडा पुढे धरला जायचा, त्याच्याबरोबर जीभही पुढे यायची आणि घशातली वाट मोकळी राहायची. बाजूला बारीक स्क्रू होते, ते जपून थोडे थोडे फिरवायचे. उशी लाळेने भिजली, जबडा ठणकला, सकाळी वरचे दात खालच्या दातांना ओळख देईनात. उस्तादने सगळं सोसलं. घोरणं थांबलं. शेजारीण विचारून गेली, "भाऊजी गावाला गेलेत का?"

पण दिवसाची पेंग काही जाईना. उलट वाढली. तपासणी तोंडावर आली तेव्हा साच्यांची डबी खिशात घालून तो दवाखान्यात पोचला. पाठोपाठ बायको.

"हे घ्या परत. एवढं सोसून मी होतो तिथेच आहे."

"आधी बसा. तोंडात घाला. बघू दे नीट बसतंय का ते."

डॉक्टरबाईंनी खुर्ची मागे झुकवली, आत डोकावलं, स्क्रू पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. त्या हात धुवायला वळल्या आणि तेवढ्या वेळात उस्तादला झोप लागली. इतका थकला होता बिचारा. शेजारच्या स्टुलावर बसून बायको डॉक्टरबाईंना गाऱ्हाणं सांगत होती.

"घास पोटात गेला की ह्यांचे डोळे मिटतात. रात्रभर तर अगदी शांत असतात हो, मग दिवसा का..."

बोलता बोलता, तिकडे न बघताच, तिचं कोपर गेलं आणि उस्तादच्या बरगडीत बसलं. तो दचकून उठला. ती पुढे बोलतच राहिली.

"...दिवसा का असे पेंगतात, तेच कळत नाही."

"आत्ता तुम्ही काय केलंत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी? काही नाही."

उस्तादने हळूच शर्ट वर केला. डाव्या बरगडीवर काळंनिळं झालं होतं. "मला वाटलं, कपाटाचा कोपरा लागत असेल," तो साचे तोंडात ठेवूनच बोबडं बोलला.

तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. घोरण्याचा आवाज नाही म्हणजे श्वास नाही, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. इतकी वर्षं ज्या हाताने नवरा जगवला, तोच हात आता त्याला रात्रभर झोपू देत नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझे वडील असेच घोरायचे," ती म्हणाली. "एका रात्री आवाज थांबला. आईला वाटलं, चला, आज तरी शांत झोपले. मग तीही झोपली."

डॉक्टरबाई खुर्चीपाशी आल्या. मग त्यांनी खुर्ची पुन्हा झुकवली. "तुम्ही झोपा," त्या उस्तादला म्हणाल्या. त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांनी बायकोचा तळहात धरून त्याच्या नाकासमोर ठेवला. हवा येत होती. उबदार, न अडता, पुन्हा पुन्हा येत होती.

"घसा उघडा आहे म्हणून आवाज नाही. साचे त्यांचं काम करताहेत. तुमचं कोपरही करतंय. पण एका पाळीला दोघांना ठेवता येणार नाही."

त्या रात्री तिचं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडलं. उस्तादने आतून कडी लावली. "नाहीतर तू येशील," तो म्हणाला. ती चिडली, रडली, दाराला कान लावून उभी राहिली. आत काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं तिच्या जिवावर आलं. दार ठोठावायला उचललेला हात तिने दुसऱ्या हाताने धरून खाली आणला. असं किती वेळा केलं, तिलाच माहीत.

जाग आली तेव्हा ऊन पायापर्यंत आलं होतं. ती तशीच धावली. दार उघडं होतं, पलंग रिकामा. स्वयंपाकघरात उस्ताद उभा, अंघोळ करून, लख्ख जागा. कामाचा शर्ट घालून भांडी पुसत होता. कितीतरी वर्षांत त्याचे डोळे असे स्वच्छ तिने पाहिले नव्हते.

"काय गं? घाबरलीस का?"

"मी झोपले होते," ती म्हणाली. "अख्खी रात्र झोपले होते हो. आणि तुम्ही आहात."