माझी शेजारीण, नवी लिफ्ट

मित्रांनो, मी मालाची लिफ्ट. लोखंडी जाळीचं दार, तळाला जाड फळ्या आणि सुरू झाले की अख्ख्या इमारतीला कळेल असा आवाज. आज इथे लोक राहतात, पण मला बसवलं तेव्हा हा मोज्यांचा कारखाना होता. मी सुताचे गठ्ठे वर न्यायचे आणि मोज्यांची खोकी खाली आणायचे. आमच्या गल्लीत रंगाचा, साबणाचा आणि पत्र्याच्या डब्यांचाही कारखाना होता. लोक नाकाला रुमाल लावून चालत, पण हाताला काम होतं.

मालाबरोबर माणसंही जायची. त्यांत जोडीमावशी माझी लाडकी. चौथ्या मजल्यावर ती मोज्यांच्या जोड्या लावायची, म्हणून तिला हे नाव पडलं. तेवीस वर्षं ती माझ्यातून वरखाली गेली. मला वाटे, ही माझीच.

मग गल्लीतले कारखाने एकेक करून बंद पडले, आमचाही पडला. बिल्डर आला. यंत्रांच्या जागी स्वयंपाकघरं झाली. मला ठेवलं ते कपाटं आणि पलंग चढवण्यापुरतं. आणि माझ्या शेजारी नवी लिफ्ट बसवली. चकचकीत, आवाजाचं नाव नाही, बटणाला बोट लावायचा अवकाश की हजर. मी तिला पाण्यात पाहू लागले.

पुढे जोडीमावशीच्या लेकीने चौथ्या मजल्यावरच घर घेतलं आणि आईला राहायला आणलं. मी हरखले. मावशी माझ्या दारावरून सरळ पुढे गेली आणि नव्या लिफ्टमध्ये शिरली. रोज तेच. माझा नुसता जळफळाट होई. मी मनात त्या नव्या लिफ्टला म्हणे, अडकशील एक दिवस.

एका सकाळी ती खरंच अडकली, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध. बरी जिरली, असं मी म्हणते तोच आतून कुणीतरी दार ठोठावलं. पाठोपाठ मावशीची हाक आली. माझा आनंद तिथेच विरला.

मेकॅनिकने अर्ध्या तासाने तिला चौथ्या मजल्यावर बाहेर काढलं. तिला दवाखान्यात जायचं होतं आणि गुडघ्यांनी जिना झेपत नव्हता. लेक म्हणाली, त्या जुन्या लिफ्टने जाऊ. मावशी माझ्या दारापाशी आली आणि थबकली.

"नको गं. हिच्या दारात माझं बोट गेलंय. त्यानंतर जीव मुठीत धरून चढायचे मी हिच्यात. जिन्यानेच जाऊ, बसत बसत."

मी ते विसरले होते, मित्रांनो. माझं दार अडकायचं आणि मग एकदम सटकायचं. कामगारांनी मालकांना चारदा सांगितलं. मालक म्हणाले, चालतंय तोवर चालू द्या. मला वंगण मिळालं ते मावशीचं बोट गेल्यावर.

त्या दिवशी दर पायरीला तिचा उसासा मला ऐकू येत होता.

नवी लिफ्ट दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. तिच्याकडे दर महिन्याला मेकॅनिक येतो, दोर पाहतो, दार तपासतो, तेल देतो. मी अजूनही तिचा हेवा करते. पण तो तिच्या चकाकीचा नाही, त्या तेलाच्या थेंबाचा.

तुमच्या घरात, शाळेत एखादं यंत्र कुरकुरू लागलं, तर मोठ्यांना सांगा. त्यांनी ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही आधी कुरकुरतो आणि मग कुणाचं तरी बोट घेतो.