एकच गेम होता त्यात

ट्यँव-ट्यँव करत एक चिरका सूर वाजला आणि रविवारची निजलेली दुपार दचकून उठली.

मंजुषाने झटकन आवाजाची चकती खाली फिरवली. शेजारच्या खोलीत सासूबाई, शेवंताबाई, कुशीवर वळल्या. पण मंजुषा दचकली ती त्यांच्या भीतीने नव्हे. तिच्या गेमला आवाजच नव्हता. भांडी पालथी घातल्यावर, सगळे निजल्यावर जो पाऊण तास हाती लागायचा, त्यात तिने दीड वर्ष जे बनवलं होतं, ते तिने मुद्दाम मुकं ठेवलं होतं.

तळहाताएवढ्या, गेम खेळायच्या करड्या यंत्राच्या पडद्यावर आता इंग्रजी नावांची यादी होती. ओळीखाली ओळ. बटण दाबून अंगठा दुखला तरी संपेना. तिच्या गेममधली बकरी कुठेच नव्हती.

यंत्र तिच्या नवऱ्याचं, विवेकचं. तो शाळेत असताना भिलाईच्या काकांनी आणलेलं, मग वर्षानुवर्षं लोखंडी पेटीत पडलेलं. लग्नानंतर मंजुषानेच घासूनपुसून, नवे सेल घालून ते चालू केलं होतं. जुनी कॅसेट मेली होती, म्हणून नवी मागवायची ठरली, तेव्हा तिने दोन महिने वाचून काढले. स्वस्तातल्या कॅसेटी गेम भरूनच येतात, सेल भराभर पितात आणि नीट बंद केल्या नाहीत तर कुठवर खेळलो तेही विसरतात. तिने निवडली ती बारकं मेमरी कार्ड घेणारी. कार्डावर आपण जे ठेवू ते ती चालवते. घरी बनवलेलंसुद्धा. हे शेवटचं तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. लेकीची, पिंकीची कॅसेट, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

गेम साधा होता. लामत्याची एक पोरगी, तिची हरवलेली बकरी, आणि छोट्या लाईनची, नॅरोगेजची गाडी यायच्या आत बकरीला घरी आणायचं. लामता मंजुषाचं माहेर. बकरी मात्र पिंकीने काढलेली. सात वर्षांच्या बोटांनी गणिताच्या वहीत आठ आडवे, आठ उभे चौकोन पेन्सिलने भरत. एक शिंग लांब, एक आखूड. मंजुषाने गेममध्येही ते तसंच ठेवलं होतं.

"पाह्यलं का?" खुर्चीत पाय पसरून बसलेला विवेक हसत होता. "सातशे हायेत, सातशे! तू त दोन महिने डोकं लावून कॅसेट मागवली, अन् त्याच्यात एकच गेम! फसवलं तुले त्या लोकायनं. म्या म्हटलं, पोरगी बोर होत असंन. कार्ड काढलं अन् काल नागसेनकडून भरून आणलं."

बस स्टँडजवळच्या नागसेनच्या मोबाईल दुकानातून अख्खं बालाघाट कार्डं भरून आणतं. लग्नाची गाणी, भीमगीतं, हिंदीत केलेले मद्रासी पिक्चर. कार्डात जागा रिकामी राहणं म्हणजे बाजारातून रिकामी पिशवी घेऊन येणं.

"अन् त्याच्यातलं होतं ते?"

"काय होतं?"

"एकच गेम होता ना. तो."

"अवं, सातशेत असंनच कुठंतरी."

तिने त्याच्याच मोबाईलवरून नागसेनला फोन लावला.

"हौ वहिनी, साफ करूनच भरतो आपण," नागसेन उत्साहात होता. "व्हायरस नको ना. काही नव्हतं त्यात. बत्तीस केबीची एक फाईल, बाकी बारीक-बारीक कचरा. बत्तीस केबीत त धड फोटोबी नाही येत, वहिनी."

"कॉपी ठेवली का त्याची?"

"कचऱ्याची?" तो मोकळेपणाने हसला. "अन् हे गेम लहान-लहान असतात, लई जागा उरली होती. वाया काहून घालवाची? पिक्चर टाकले, पार काठोकाठ. त्याचे पैसे नाही घेतले, विवेकभाऊले सांगजा."

या यंत्रात पिक्चर चालत नाहीत. पुसलेलं परत काढता येतं, हे मंजुषाला ठाऊक होतं; पण वर दुसरं काही लिहिलेलं नसेल तर. न चालणाऱ्या पिक्चरांखाली तिचं लामता गाडलं गेलं होतं, तेही फुकटात.

"तो गेम म्या बनवला होता," फोन ठेवून ती विवेकला म्हणाली.

"कोणता?"

"तो. तो एकच."

विवेक आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहून हसू आवरलं. "तू? गेम? मंग लॅपटॉपवर असंन ना."

"लॅपटॉप कुठं हाय?"

लॅपटॉप त्याचा धाकटा भाऊ, कुशल, परीक्षेच्या तयारीसाठी भोपाळला घेऊन गेला होता आणि नेताना पार कोरा करून घेतला होता.

"भाऊजीनं मागितला अन् अर्ध्या तासात तुमी त्याच्या बॅगेत टाकला. तुले काय करायचं त्याचं, म्हणले. त्या अर्ध्या तासात म्या सारं कार्डावर घेतलं. मोबाईल त घरात कोणीबी उचलते. म्हटलं, लेकराच्या खेळण्याले कोण हात लावंन!"

"मंग सांगितलं काहून नाही मले? मले सपन पडणार होतं का?"

"तुमचा शर्ट धुवाच्या आधी खिशातली चिठ्ठी मी तुमाले दाखवतो. फाटकी, चहाचे डाग पडलेली. विचारतो, कामाची हाय का? रोज विचारतो. मले एकदा कोणी विचारलं का, मंजू, हे कामाचं हाय का?"

तिचा आवाज चढला होता. तो खाली आणायची तिला आज गरज वाटली नाही.

शेवंताबाई पदर सावरत दारात आल्या. "काय झालं वो? लेकराचा खेळ अन् मायबाप भांडून राह्यले?"

"काई नाही आई, हिनं गेम बनवला होता म्हणते."

"म्हणते नाही. बनवला होता."

"हेच चाललं होतं का दुपारच्याले?" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मी म्हणो, सून थकते बिचारी, पडू द्या. अन् हे बाई दार लावून खेळत बसे!"

"खेळत नव्हती, मामीजी."

"मंग काय करे?"

जे दाखवायचं तेच उरलं नव्हतं.

"बरं, चुकलं माझं," विवेक म्हणाला. "दिवाळीत कुशलकडून लॅपटॉप आणतो. परत बनवजो. आता त तुले येतेच."

"दीड वर्षाच्या दुपाराबी घेऊन येजा त्याच्यासंगं," ती म्हणाली आणि मागच्या अंगणात निघून गेली.

धुण्याच्या दगडापाशी पिंकी उकिडवी बसली होती. आतलं सगळं तिने ऐकलं असणार. मंजुषा शेजारी बसली. दगडावर बालदी आपटावी असं वाटत होतं, पण पोरीकडे बघून तिने नुसती मूठ आवळली.

"मम्मी," पिंकी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "पप्पानं कार्ड काढलं तवा मी तिथंच होती."

मंजुषाने झर्रकन मान वळवली. "अन् सांगितलं नाहीस?"

हात उचलला गेला होता. पोरीने डोळे घट्ट मिटून मान खांद्यात घातली, तेव्हा कुठे मंजुषाला आपला हात दिसला. तो तिने तसाच तिच्या डोक्यावर ठेवला. केस उन्हाने तापले होते.

"पप्पा म्हणे, मम्मीले सांगू नको, सरप्राईज हाय," पिंकी डोळे मिटूनच बोलत होती. "मले पप्पाले सांगाचं होतं, त्याच्यात आपली बकरी हाय म्हणून. पण तू म्हणाली होती, कोणालेच सांगाचं नाही. पप्पालेबी नाही. मी पक्की प्रॉमिस केली होती ना तुले."

"हौ."

"मी दोघायचंबी ऐकलं."

आत शेवंताबाईंचं बोलणं अजून चालू होतं. पिंकीने डोळे उघडले, पाण्याने भरलेले, आणि आईच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"मंग मम्मी, दोघायतून मी कोणाचं नव्हतं ऐकाचं?"