काळा पडलेला राणीचा रुपया

सारसोळ्यात गोजराबाईच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आत तिची सून संध्या पुन्हा तापाने फणफणली होती. रुपया बांधून ताप उतरवणाऱ्या रुपयेबाबाने रात्री तिच्या छातीवर भस्म चोळून राणीछाप चांदीचा रुपया बांधला होता. आता तोच रुपया चिमटीत धरून तो लोकांना दाखवत होता. रात्रीचा पांढराशुभ्र रुपया काळाठिक्कर पडला होता.

"बघा! राणीनं ताप ओढला! विलायतेच्या राणीपुढे तापाची काय बिशाद? तुमच्या स्टीलच्या रुपयाला तो भीकसुद्धा घालत नाही!"

"खरा हाय," बाया म्हणाल्या. "परवा रुपया बांधला तं काल पोरीला ताप नव्हता."

काळा रुपया घरात राहिला तर ताप परत येतो म्हणे! म्हणून बाबा तो स्वतः खाडीत सोडणार होता. केवढा हा परोपकार!

मी नेरुळच्या सोसायटीत राहणारा, जुनी नाणी जमवणारा. गोजराबाई आमच्याकडे मासळी घालायची. तिच्या सासूच्या माळेतला एक रुपया मी कितीदा मागितला, पण "मी मेल्याव ने" एवढंच ती हसून म्हणायची. त्याच माळेतला एकेक रुपया आता बाबाच्या झोळीत जात होता.

"गोजराबाई, हा दिवसाआडचा ताप म्हणजे मलेरिया. पलीकडच्या बांधकामांच्या पाण्यात डास माजलेत. रुपया बांधा, नाहीतर नका बांधू, हा ताप एक दिवस उतरतो आणि पुन्हा चढतो. हिला आत्ता दवाखान्यात न्या."

"गोल्या दिल्या तं रानी रुसल, बाबा सांगतान."

भस्माला आगपेटीसारखा वास येत होता. गंधकच तो! गंधक लागलं की चांदी काळी पडते. आम्ही तर नाण्यांजवळ उकडलेलं अंडंही ठेवत नाही. हे परोपरीनं सांगितलं, पण कोणी ऐकेना. शेवटी मी चिमूटभर भस्म घेतलं, कोपऱ्यातल्या भोपळ्याला चोळलं, वर माझा तसाच चांदीचा रुपया ठेवला आणि गरम ओल्या फडक्यात गुंडाळला.

"भोपल्यावचा काला झाला तं पोरीला नेतू," गोजराबाई म्हणाली. तिचा मुलगा, संध्याचा नवरा रूपेश खाली मान घालून उभा होता. ती रात्र वाया घालवल्याचा मला आजही संताप येतो.

सकाळी सगळ्यांसमोर फडकं सोडलं. रुपया काळा!

"सांगा बाबा, या भोपळ्याला कसला ताप आलाय?"

बाबा मागच्या दाराने पळाला. झोळी राहिली. तिच्यात माळेतले सगळे रुपये निघाले, खाडीत एकही गेला नव्हता. पण कोणी हसलं नाही. या खेपेला संध्याचा ताप उतरलाच नव्हता, आणि ती हाकेला ओ देत नव्हती. रूपेशने तिला उचलून रिक्षात घातलं. ताप मेंदूत गेला होता. "आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी ती गेली.

पुढे एकदा गोजराबाई एक काळा रुपया घेऊन दारात आली.

"भाऊ, याचा काला रंग निंगल का?"

मी खायच्या सोड्याने तो घासला. राणीचा चेहरा लखलखीत झाला. गोजराबाईने तो तळहातावर घेतला.

"यो पांढरा झाला. माजी पोर?"

मी तिला काय सांगणार? तुम्हाला मात्र सांगतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. चांदी काळी पडली तर घासून पुन्हा पांढरी होते. गेलेलं माणूस परत येत नाही.