सोमवारचा बिल्ला

मी एक जुना बिल्ला आहे. काळा, प्लास्टिकचा, बोटभर लांब. 'जुना' म्हणजे वयाने नव्हे. वयाने मी जेमतेम दोन वर्षांचा आहे. पण काही वस्तू वापरून जुन्या होतात आणि काही वाट पाहून. मी दुसऱ्या जातीचा.

मित्रांनो, सध्या माझा मुक्काम दुबईच्या विमानतळावर, हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात आहे. शेजारी काही पट्टे, एक लहान मुलाचा बूट आणि कुणाची तरी कवळी आहे. कवळी विसरून माणूस विमानात कसा बसतो, हे मला अजून कळलेलं नाही. पण इथे कुणी कुणाला असले प्रश्न विचारत नाही.

माझा जन्म एका यंत्राखाली झाला. यंत्राने माझ्या अंगावर पांढरी अक्षरं कोरली : 'एल्डर अमोलिक', आणि त्याखाली आमच्या चर्चचं लांबलचक नाव. माझ्या पाठीला लोहचुंबकाची वेगळी पट्टी मिळाली. ती खिशाच्या आत राहायची, मी बाहेर, मध्ये पांढरा शर्ट. आम्हा दोघांना शर्टाला भोक न पाडता एकमेकांना धरून ठेवायचं होतं. एवढंच काम.

मॉर्मन लोकांत अशी रीत आहे, की मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की दोन वर्षं घर सोडून सेवेला जातो. शाळेतल्यासारखा टाय लावतो, पहिलं नाव घरी ठेवतो आणि 'एल्डर' म्हणवून घेतो. एल्डर म्हणजे वडीलधारा. या वडीलधाऱ्याला दाढीही धड येत नव्हती. तो खडकीचा कैवल्य अंबादास अमोलिक.

निघायच्या दिवशी त्याच्या आईने, सगुणाबाईंनी, मला त्याच्या खिशावर लावलं. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा सरळ केलं.

"वाकडा लागला तर लोकांना वाटेल देवच वाकडा आहे," त्या म्हणाल्या. मग बोट रोखून बजावलं, "लावला मी, काढणार पण मीच. सेवा संपवून ये, चर्चच्या साहेबांनी 'सेवेतून सुटलास' म्हटलं की मी काढीन. तोवर कुणाचा हात लागता कामा नये."

"आई, झोपताना तरी?"

"झोपताना शर्ट काढ. बिल्ला शर्टावर राहू दे."

मी फुगलो. मला वाटलं, आता दोन वर्षं छातीवर बसून मी गावोगाव मिरवणार. मग आम्हाला दुबईला पाठवलं.

मित्रांनो, त्या देशात दुसऱ्याच्या दारी जाऊन आपला धर्म सांगायला कायद्याने बंदी आहे. चर्चच्या कुंपणाच्या आत प्रार्थना करा, बाहेर तोंड मिटा. पहिल्याच दिवशी आम्हाला सांगितलं गेलं की बिल्ला लावून रस्त्यावर फिरायचं नाही. म्हणजे सांगायला पाठवलेल्या मुलाला गप्प बसायची सेवा मिळाली, आणि दिसायला जन्मलेल्या मला, शर्टासकट, कपाटाचा खण. खणात मोज्यांचा एक जोड होता. त्याचीही परिस्थिती माझ्यासारखीच होती. तो लोकरीचा होता.

सेवा म्हणून कैवल्य मुहैस्नाह भागातल्या एका शेडमध्ये अपंगांच्या मोडलेल्या चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायचा. कामगारांच्या वस्त्या तिथून जवळच. एखादा पाय गमावलेला माणूस यायचा, खुर्चीत बसायचा, "शुक्रिया भाई" म्हणायचा आणि जायचा. कैवल्यच्या ओठांवर काहीतरी यायचं, तो ते गिळायचा आणि चाकाला तेल घालायचा. घरी आला की पलंगावर बसून बुटांकडे बघत राहायचा. त्याच्याबरोबर खोलीत राजमहेंद्रीचा एल्डर देवदानम होता. सेवेला जोडीनेच राहावं लागतं. तो हिंदीत म्हणायचा, "भाई, चक्का भी भगवान का काम है." कैवल्य म्हणायचा, "तो फिर मेकॅनिक को ही भेजना था ना."

माझा दिवस सोमवार. सोमवारी घरी व्हिडिओ कॉल करायची मुभा असे. त्या अर्ध्या तासासाठी कैवल्य तो पांढरा शर्ट माझ्यासकट खणातून काढून घालायचा आणि चेहऱ्यावर हसू लावायचा. हसू माझ्यापेक्षा वाकडं लागायचं.

"बिल्ला दिसतोय का ग, आई?"

"दिसतोय. जरा डावीकडे कलंडलाय. लोक ऐकतात का रे तुझं?"

"खूप ऐकतात, आई. थांबून थांबून ऐकतात."

दोन वर्षांत त्याने कुणाला एक वाक्य सांगितलं नव्हतं. पण आईला हे कुठल्या तोंडाने सांगणार? कॉल संपला की मी खणात, तो पलंगावर.

आमची खोली ऊद मेथा भागात होती. त्या इमारतीत समोरच्या दारात झुबेदा चाची राहायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, नवऱ्याच्या दुकानापायी तीस वर्षं दुबईत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "एल्डर? तू? मग मी कोण, डायनासोर?" आम्ही चहा-कॉफी घेत नाही हे कळल्यावर तर त्या खुर्चीतच बसल्या. "चहा पण नाय? अरे, मग तुमचा धर्म दुपारी चार वाजता करतो काय?" तेव्हापासून त्या चहाऐवजी सांदणं आणून द्यायच्या.

मे महिन्यातल्या एका सोमवारी त्या सांदणांचा डबा घेऊन आल्या तेव्हा कॉल चालू होता. त्यांनी पडद्यावर सगुणाबाईंना सलाम केला, दोन शब्द बोलल्या. कॉल संपल्यावर मात्र डबा हातातच धरून उभ्या राहिल्या.

"तुझी अम्मी घरात डोक्याला रुमाल बांधते काय रे?"

"थंडी वाजते म्हणाली."

"पुण्यात? मे महिन्यात?"

चाचींनी डबा ठेवला. "बघ बाळा, आमच्या गल्फवाल्यांत एक रीत आहे. वाईट खबर माणसाला लगेच सांगत नाहीत. आधी विचारतात, सुट्टी मंजूर झाली काय? मग सांगतात. माझी आई गेली ते मला सव्वा महिन्याने कळलं. तोवर रोज फोनवर सांगायचे, झोपलीय, नमाज पढतेय. घरी फोन कर. आज आणि आत्ता."

त्याने बाबांना पुन्हा फोन लावला. अंबादासराव आधी म्हणाले, सगळं ठीक आहे. मग म्हणाले, ठीकच म्हणायचं. मग रडले. आजार पोटात होता आणि बराच पुढे गेला होता. औषधाने केस गेले होते. "तिनेच शपथ घातली होती रे. म्हणाली, पोराची सेवा अर्धी राहायला नको."

"मी उद्याच निघतो, बाबा."

मागून सगुणाबाईंचा आवाज आला, बारीक पण खणखणीत. "अर्धवट आलास तर दार उघडणार नाही. थोडे आठवडे राहिलेत. लोक ऐकतायत म्हणतोस ना तुझं? मग त्यांना सोडून येतोस?"

मित्रांनो, खोटं बोलणाऱ्याला त्याचं खोटं कधी ना कधी परत मिळतं. पण इतकं नेमक्या जागी मिळालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. 'कुणी ऐकत नाही, आई, मी चाकं दुरुस्त करतो' एवढं म्हटलं असतं, तर तो घरी जाऊ शकला असता. त्याने तोंड उघडलं. आणि सवयीने मिटलं.

पुढचे सोमवार सांगण्यासारखे नाहीत. शेवटून दुसऱ्या सोमवारी सगुणाबाई आडव्याच होत्या. फोन अंबादासरावांनी धरला होता. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. मुलाकडे नव्हे, माझ्याकडे.

"कैवल्या, काढ रे तो बिल्ला."

"आई?"

"काढ. मी बघते. इथूनच काढला असं समजते मी."

देवदानम शेजारीच होता. त्याला मराठी येत नव्हतं, पण माझ्याकडे रोखलेलं सगुणाबाईंचं बोट कळलं. तो कुजबुजला, "निकाल दे ना यार. अम्मा बोल रही है. कौन देख रहा है?"

कैवल्यने हात माझ्यावर ठेवला. मला वाटलं, आता सुटलो. पण त्याने मला आणखी घट्ट दाबलं.

"नाही, आई. अजून सेवा संपली नाही. पुढच्या गुरुवारी येतोय मी. तुझ्याच हाताने काढायचा. तूच म्हणाली होतीस. तोवर कुणी हात लावायचा नाही."

लोक म्हणतील, पोरगं नियमाचं गुलाम. मी छातीवर होतो, मला आतलं ऐकू येत होतं. नियम हे त्याने तोंडाने सांगितलं. आत तो एवढंच म्हणत होता, की हे काम शिल्लक राहिलं तर तिला थांबावं लागेल. त्याला दुसरं काही हाती नव्हतं, म्हणून त्याने माझ्यावर आई टांगली. मी शर्टाचा खिसा धरून ठेवू शकतो, मित्रांनो. त्यापलीकडे माझी ताकद नाही.

"बरं," सगुणाबाई म्हणाल्या. "सरळ कर मग. कलंडलाय."

पुढच्या सोमवारी पडद्यावर अंबादासराव एकटेच होते.

"झोपलीय का आई?" कैवल्यने विचारलं.

"शनिवारी," अंबादासराव म्हणाले. "काल माती दिली. तुला कळवू नका, आठवडा पुरा करू द्या म्हणाली होती."

झुबेदा चाची आल्या आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. या वेळी सांदणं आणली नव्हती.

गुरुवारी निघताना त्याने माझ्यासकट तोच शर्ट घातला. बिल्ला रस्त्यावर लावायचा नव्हता, देवदानमने आठवण करून दिली. कैवल्य म्हणाला, "माँ ने लगाया था." देवदानमने त्याची बॅग उचलली. मी पहिल्यांदाच दुबईचं ऊन पाहिलं, टॅक्सीतून, थोडंसं.

विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून जाताना शिट्टी वाजली. हम्माद नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने वाकून मला वाचलं.

"एल्डर? तुम एल्डर? उमर कितना?"

"इक्कीस."

"माशाल्ला, दादाजी!" तो हसला. "हबीबी, ये निकालो. मशीन चिल्लाता है."

कैवल्य तसाच उभा. मागे रांग खोळंबली. "निकालो, हबीबी," हम्माद पुन्हा म्हणाला, या वेळी हळू. कैवल्यचे हात उठेनात. तेव्हा हम्मादने आपणच हात पुढे केला, दोन बोटांनी मला धरलं आणि अलगद ओढलं.

मी सुटलो. मला अतिशय सफाईने, अतिशय प्रेमळपणे, चुकीच्या माणसाने काढलं.

लोहचुंबक खिशातच पडलं. चौकट पुन्हा ओरडली. हम्मादने कैवल्यच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आपलं हसू आवरलं आणि म्हणाला, "खलास. जाओ. यल्ला." मी तबकातून सरकत पलीकडे आलो. कैवल्यने पट्टा घेतला, बूट घातले, फोन उचलला. मग माझ्याकडे पाहिलं. तो मला विसरला नाही, मित्रांनो. विसरलेली माणसं अशी बघत नाहीत. त्याने पाहिलं आणि तो गेला.

तर मुलांनो, माझ्यासारख्यांना जपा, पुसा, असं मी सांगणार नाही. मला काय, फडक्याने पुसलं की मी नवा. तुमचं कुणी अंथरुणावरून काही मागितलं आणि ते तुमच्या हातात असलं, तर तेवढं लगेच देऊन टाका. गुरुवारवर ठेवू नका. हा उपदेश एका प्लास्टिकच्या तुकड्याचा आहे, तेव्हा घेतलाच पाहिजे असं नाही.

माझी पाठ, ती लोहचुंबकाची पट्टी, तेवढी खडकीला पोहोचली असेल, त्याच्या खिशाच्या तळाशी. तिथे ती अजून शर्टाच्या पलीकडे कुणी आहे का, ते चाचपत असणार. मी इथे आहे. शेजारची कवळी हसते आहे, पण तिचा तो स्वभावच आहे.