घ सापडेना

संघप्रियानं इचलकरंजीतली नोकरी सोडली आणि उचगावात जर्सी छापायचं दुकान काढलं. पहिलीच मोठी ऑर्डर आली ती गावच्या फुटबॉल संघाची. संघाचं नाव 'उचगावचे वाघ', आणि सामना त्याच संध्याकाळी. सकाळी कर्णधार उदयसिंह आणि म्हातारे प्रशिक्षक आण्णा नमुना बघायला आले, तेव्हा ती मशीनखालून पहिली जर्सी काढत होती.

उदयसिंहनं छातीवरची अक्षरं वाचली. "उचगावचे... वाळ?"

"पोरी, आमास्नी दोरीवर वाळत घालतीस व्हय?" आण्णा म्हणाले आणि स्वतःच एवढं हसले की त्यांना ठसका लागला.

जर्सीच्या पाठीवर गोलकीपर बाळासोचं नाव होतं. तिथं 'बाज्ञासो' उमटलं होतं.

संघप्रियानं वळून पाहिलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तर सगळं बरोबर दिसत होतं.

"दुपारी या दादा," ती म्हणाली. "करून ठेवते की."

दोघं गेल्यावर तिनं पुन्हा 'वाघ' टाइप केलं. पडद्यावर वाघ, कापडावर वाळ. मग तिच्या ध्यानात आलं. मशीनला अक्षर कळत नव्हतं, कुठली कळ दाबली तेवढंच कळत होतं. तिच्या फाँटमध्ये त्या कळीवर घ होता, तर जुन्या विकत घेतलेल्या मशीनच्या फाँटमध्ये ळ. आणि तिच्या ळ च्या जागी तिथं ज्ञ बसला होता.

तिनं फाटकी चादर पसरली आणि एकेक कळ दाबून अक्षरं छापत गेली. क, ख, ग ठीक. ळ मिळाला. घ मात्र कुठंच नाही. सगळ्या कळा संपल्या. तिनं कपाळावर हात मारला. वाघाशिवाय संघाचं काय करायचं?

शिफ्ट दाबून तीच फेरी पुन्हा सुरू केली. अनुस्वार आले, अर्धी अक्षरं आली, एक भलतंच फूल आलं. अगदी शेवटी, तिरप्या रेघेच्या कळीवर, ठसठशीत घ उमटला.

"आला रे आला!" ती एवढ्यानं ओरडली की शेजारचा चहावाला पळत आला.

"काय झालं गं?"

"घ सापडला!"

"बरं झालं बाई," तो म्हणाला आणि कसला घ ते न विचारताच परत गेला.

मग तिनं भराभर चिकटपट्टीचे तुकडे कापले, त्यांवर मशीनची अक्षरं लिहिली आणि कळांवर चिकटवली. उदयसिंह आला तोवर घडी घातलेल्या जर्सी टेबलावर होत्या. त्यानं प्रत्येक नाव मोठ्यानं वाचलं.

"झकास! आता सामन्याला तू पण चल," तो म्हणाला.

तिनं आजवर एकही सामना बघितला नव्हता. नियमही ठाऊक नव्हते. तरी मैदानाच्या कडेला आण्णांशेजारी उभी राहिल्यावर तिच्याच्यानं गप्प राहवेना. चेंडू कुणाकडेही गेला तरी ती ओरडत होती.

"अगं, त्यो त्यांचा गडी हाय!" आण्णा कपाळाला हात लावून म्हणाले.

सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या दिवशी तिचा घसा साफ बसला होता, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांशी ती हातवारे करूनच बोलत होती.