तणमोराच्या आवाजाची कांडी

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी कांडी आहे. वीतभर लांबी आणि अंगभर खाचा. त्या खाचांवरून काडी घासली की मी थेट तणमोराच्या आवाजात बोलते. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण माझ्यासारखा गळा पंचक्रोशीत कुणाला नव्हता!

घनसावंगीजवळच्या एका गावात रामरावांनी मला कोरले. तेव्हा ते विशीत होते. श्रावणात माळावर कमरेएवढे गवत वाढायचे आणि गवतात जिकडेतिकडे तणमोर असायचे. कोंबडीएवढे पाखरू, डोक्यामागे नाजूक पिसांचे तुरे. मादीला दिसावे म्हणून नर गवतातून उंच उडी घ्यायचा आणि पुन्हा गवतात बुडायचा. इकडे एक, तिकडे एक, पलीकडे आणखी एक. आजही मला स्वप्नात तोच माळ दिसतो.

रामराव गवतात लपून मला वाजवायचे. दुसरा नर आला असे वाटून तणमोर चिडून उडी घ्यायचा आणि बंदुकीचा बार व्हायचा. "काय हुबेहूब आवाज हाय!" असे लोक म्हणायचे आणि मी फुलून जायची. दर गावात बंदुका होत्या, पण पाखरे इतकी होती की ती संपतील हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मग एका श्रावणात मी दिवसभर वाजले आणि गवतातून कुणीच उडाले नाही. रामरावांनी मला पेटीत टाकून दिले.

तिथे मी पन्नास वर्षे पडून होते. मागच्या श्रावणात त्यांनी मला बाहेर काढले.

"अवं, या वयात शिकार करता का?" त्यांच्या पत्नी उषाबाईंनी चिडवले.

"न्हाई गं. एखादं तरी उरलं असंल का, तेवढंच बघायचंय. समदे आपणच मारले, ह्ये मनातून जात न्हाई."

रोज सकाळी ते बांधावर बसून मला वाजवू लागले. चौथ्या दिवशी ओढ्यापलीकडून उत्तर आले. कर्र... कर्र! रामरावांच्या डोळ्यांत पाणी आले. "उषा, हाय! जिवंत हाय!" म्हणत ते घरी पोचले. उषाबाईंनी त्या दिवशी शिरा केला. आठ दिवस आम्ही हाक देत होतो आणि पलीकडून उत्तर येत होते. मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू!

नवव्या दिवशी रामरावांना राहवले नाही. गुडघे धरत ते ओढा उतरले आणि पलीकडच्या झुडपाआड डोकावले. तिथे शेजारच्या गावचे म्हातारे तातेराव बसले होते. तेही एकेकाळचे शिकारी. त्यांच्या हातात माझ्यासारखीच कांडी होती.

"रामराव, तुमी? मला वाटलं, पाखरूच उत्तर देऊन राह्यलं."

"मला बी तसंच वाटलं," रामराव म्हणाले.

दोघे हसायला गेले, पण हसू आले नाही. मग दोघांनीही आपापली कांडी खिशात घातली.

मित्रांनो, तुमच्या शिवारात आज तितर, लावे, चिमण्या भरपूर असतील. भरपूर आहेत तोवरच त्यांना जपा. तुम्ही त्यांना हाक माराल, तेव्हा उत्तर पाखरानेच द्यावे, माणसाने नव्हे.